पाखरांनी तुमचं काय घोडं मारलंय?

हल्ली पक्षी बघून आलेल्या माणसाला 'काय दिसलं?' असं कोणी विचारत नाही. 'फ्रेश वाटलं असेल ना?' असं विचारतात. हा बदल आपोआप झालेला नाही. रविवारच्या पुरवण्या, कंपन्यांच्या एचआर खात्यातून सुटणाऱ्या ई-मेल, शहराबाहेरच्या रिसॉर्टवर भरणारी दोन दिवसांची शिबिरं, सगळीकडून एकच उपदेश चालू आहे: पक्षीनिरीक्षण करा, मन शांत होतं. 'माइंडफुल बर्डिंग' असं त्याचं नाव. पहाटे सहाला चटई घेऊन या. फोन बंद. दुर्बीण नसली तरी चालेल, खरं तर नसलेलीच बरी. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, आवाज 'आत' येऊ द्या. आता डोळे उघडा. समोर बसलाय तो कोण हे विचारू नका. नावात अडकलात की अनुभव संपला. किती आहेत ते मोजू नका. मोजायला लागलात की पुन्हा ऑफिसात पोचलात. लिहू तर अजिबात नका. पाखरू जसं नुसतं 'असतं', तसं असायला शिका.

मला या उपदेशाची चीड येते. मित्र म्हणतात, चिडण्यासारखं आहे काय त्यात? माणसं घराबाहेर पडतायत, मोबाइल खाली ठेवतायत, झाडाखाली बसतायत; कुणाचं काय बिघडलं? पाखरांचं बिघडलं. नाव, संख्या, नोंद आणि शंका या चार गोष्टींवर पक्षीनिरीक्षण उभं आहे, आणि नेमक्या त्या चारच गोष्टी अडगळ म्हणून बाहेर काढायला हे लोक सांगतात. मग मागे काय राहतं? चटईवर बसलेला माणूस आणि त्याचं मन. पक्षी पार्श्वसंगीतापुरता.

पक्षी 'नुसता असतो', हे यांना कोणी सांगितलं? मार्च-एप्रिलात उजाडायच्या आधी सोसायटीच्या अँटेनावर बसून दयाळ गातो. गोड गातो, वाद नाही. पण ते गाणं शेजारच्या दयाळासाठी असतं आणि त्याचा मतलब साधारण 'हद्दीत पाय टाकलास तर बघ' असा असतो. हाच गवई खिडकीच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की शत्रू समजून त्यावर चोची मारत सुटतो. शिंजीर वजनाने जेमतेम आठ-दहा ग्रॅमचा. सकाळपासून या फुलावरून त्या फुलावर धावतो, कारण थांबला तर उपाशी मरेल. कोकिळेला कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकायचं असतं, म्हणून नर पुढे होऊन कावळ्यांना पाठीवर घेतो. आणि पाण्यात एका पायावर ध्यान लावून उभा असलेला बगळा कशासाठी उभा असतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. यांच्याकडून निवांतपणा शिकायचा? एक दिवस शिंजिरासारखं जगून दाखवा, तिसऱ्या तासाला भोवळ येईल.

पक्ष्याकडे बघणं म्हणजे काय ते किहीमला दिसलं. १९३० साली सलीम अली जर्मनीतून पक्षिशास्त्र शिकून परतले, तर मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. हातात काम नाही, पुढचा भरवसा नाही. मुक्काम हलवून ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. आजच्या शिबिरवाल्यांना याहून लायक गिऱ्हाईक मिळायचं नाही. समुद्रकिनारा, नारळी-पोफळी, डोक्याला चिंता. पण या माणसाने तिथे मनःशांती शोधली नाही. जवळच सुगरणींची वसाहत होती, तिच्यावर नजर लावून ते बसले.

आणि काय दिसलं? गवताची, भाताची पात चिरून आणून घरटं विणतो तो नर. आपल्या कवितांनी आणि पाठ्यपुस्तकांनी कष्टाळू आई म्हणून जिला डोक्यावर घेतलं, तो निघाला बाप. घरटं अर्धवट, शिरस्त्राणाच्या आकाराचं झालं की माद्यांचा घोळका पाहणीला येतो. एखादी आत शिरते, काड्या ओढून बघते, पसंत पडलं तर तिथेच ठाण मांडते. मग नर घाईघाईने खालचा बोगदा विणून पुरा करतो. ती अंडी घालायला बसते, आणि हे महाशय दुसरं घरटं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. तीही बसली की तिसरं. भारतातल्या मोठमोठ्या साहेब पक्षिशास्त्रज्ञांच्या नजरेतून निसटलेली ही भानगड एका बेकार माणसाने उलगडली, कारण कुठल्या घरट्यात कुठली मादी शिरली आणि कधी शिरली याचा तो हिशेब ठेवत होता. स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देत बसले असते, तर त्यांना श्वासाबद्दल कळलं असतं.

आता 'नावात अडकू नका' याकडे वळू, कारण या उपदेशातलं हे सगळ्यात लाडकं वाक्य आहे. ऐकायला मोठं आध्यात्मिक वाटतं. नाव म्हणजे लेबल, लेबल म्हणजे अहंकार, आणि अहंकार गळून पडला की पक्षी 'खरा' दिसतो म्हणे. ज्याला बुलबुल आणि सातभाई यांतला फरक सांगता येत नाही, त्याला दोन्ही 'खरे' दिसतात हे कबूल. वेगळे मात्र दिसत नाहीत.

यांना मी रानपिंगळ्याची हकिगत सांगू इच्छितो. ती आपल्याच खानदेशातली आहे.

रानपिंगळा हे छोटं घुबड. आपल्या अंगणातल्या साध्या पिंगळ्याचा भाऊ शोभेल असं. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, म्हणजे ज्यांना आपण काँग्रेसचे संस्थापक म्हणून ओळखतो त्यांनीच, त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत खानदेशात शहादा-तळोदा भागातून जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी जो गायब झाला तो झालाच. जगभरच्या संग्रहालयांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पेंढा भरलेले नमुने, एवढाच त्याचा पुरावा. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही. नामशेष झाला असावा, असंच बहुतेकांनी धरलं होतं.

शोध फसत होता त्याला एक कारण असं की एका नमुन्यावरची चिठ्ठी खोटी होती. रिचर्ड माइनर्टझहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी पक्षिशास्त्रात मोठं नाव कमावून होता. १९१४ साली गुजरातेत मांडवी इथे रानपिंगळा मिळवल्याचा त्याचा दावा होता. प्रत्यक्षात त्याने लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचाच एक नमुना चोरला, आतला भुसा बदलला आणि त्यावर आपली तारीख आणि आपलं गाव लिहिलं. एका चिठ्ठीवरच्या एका खोट्या गावाने शोधणाऱ्यांची दिशा चुकवली. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासता तपासता ही लबाडी पकडली. खोटी नोंद वगळली तेव्हा खऱ्या नोंदी कुठे बोट दाखवतायत ते दिसलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे आधी पूर्वेकडच्या जुन्या नोंदींच्या ठिकाणी फिरले, तिथे काही मिळालं नाही, म्हणून शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले. तिथे भर सकाळी झाडावर पिंगळा बसलेला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. छातीवर रुंद तपकिरी पट्टा. पोट पांढरं, पाय पिसांनी दाट झाकलेले. ११३ वर्षांनी रानपिंगळा सापडला.

आता मला सांगा, त्या झाडाखाली 'नावात न अडकणारं' कोणी बसलं असतं तर काय झालं असतं? 'अहाहा, घुबड,' म्हणून त्याने डोळे मिटले असते. बरं, शहादा तालुक्यात गेल्या शंभर वर्षांत त्या झाडांखालून हजारो माणसं गेली असतील. पक्षी त्यांच्या डोक्यावरच होता. ठिपके आहेत की नाहीत, पट्टा आहे की नाही, एवढ्या क्षुद्र वाटणाऱ्या तपशिलावर एका जातीचं असणं-नसणं टांगलेलं होतं. पुढे मेळघाटात सापडला, यावलमध्ये सापडला, २०१४ मध्ये मुंबईपासून हाकेच्या अंतरावर तानसाच्या जंगलात सापडला. जिथे जिथे सापडला तिथे तिथे कोणीतरी 'हा साधा पिंगळा नाही' अशी शंका घेतली म्हणून. अशी शंका घ्यायला ज्ञान लागतं, सजगता वगैरे नंतर. सलीम अलींची कारकीर्दही अशाच एका प्रश्नातून सुरू झाली, ती गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे: पोरवयात मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ही कोण म्हणून विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथे मिलार्ड साहेबांनी त्याला चटई अंथरून दिली नाही. कपाटाचे खण उघडून दाखवले.

'मोजू नका' हा उपदेश तर याहून घातक. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडं मोजली होती. कंटाळवाणं काम. गिधाडं तेव्हा इतकी होती की ती मोजणाऱ्याला लोक हसले असतील. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजली, तर घरटी रिकामी, झाडांखाली मेलेली गिधाडं. आधीचे आकडे वहीत होते म्हणून 'पूर्वी पुष्कळ असायची' या हळहळीच्या जागी पुरावा उभा राहिला. देशभर रस्त्यांवरून पाहण्या झाल्या. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटलं, हजारातलं एक उरलं. २००४ मध्ये कारण कळलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं, त्याचं मांस गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मोजणी, पाहणी, शवविच्छेदन, बंदी, ही साखळी आहे. यातला पहिला दुवा एका माणसाची वही. तो गिधाडाशी 'एकरूप' होऊन आकाशाकडे बघत बसला असता, तर गिधाडं नाहीशी झाल्यावर त्याला फक्त जास्त निरभ्र आकाश दिसलं असतं.

हे काम एकट्यादुकट्या शास्त्रज्ञाचं उरलेलं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात ९४२ जातींचा हिशेब मांडला आहे, आणि तो ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. शिक्षक, बँकेतले कारकून, गृहिणी, कॉलेजची पोरं. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या नीलकंठाची संख्याही रोडावते आहे. तारेवर बसलेला नीलकंठ इतका ओळखीचा की त्याची कोणी फिकीर करत नाही. तो कमी होतोय हे कसं कळलं? कोणीतरी दर रविवारी 'नीलकंठ: २', पुढच्या वर्षी 'नीलकंठ: १', त्यापुढे 'नीलकंठ: ०' असं लिहीत राहिलं म्हणून. त्या शून्यात ज्याला ऑफिस दिसतं, त्याच्याशी काय बोलायचं?

इथे समोरचे लोक विज्ञान काढतात. 'अहो, अभ्यास झालेत!' झालेत, माहीत आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी सुमारे १३०० लोकांकडून मोबाइल ॲपवर दिवसातून अनेकदा उत्तरं घेतली आणि पक्षी दिसले किंवा ऐकू आले तेव्हा लोकांना बरं वाटतं, नैराश्य असलेल्यांनाही वाटतं, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मांडला. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर २०१८ पासून डॉक्टर औषधांच्या जोडीला निसर्गात फिरणं लिहून देतात, त्यात पक्षी बघणंही येतं. मला त्यावर शंका घ्यायची नाही. खरोखर आजारी असलेल्या माणसाला बुलबुल ऐकून घटकाभर बरं वाटत असेल तर त्याच्या आड येणारा मी कोण? एवढं एक मी सोडून देतो. पण त्या अभ्यासात मोजलं काय गेलं? माणसं. पक्ष्यांना कसं वाटलं हा प्रश्न तिथे नव्हता, असायचं कारणही नव्हतं. 'पक्षी ऐकून बरं वाटतं' यावरून 'बरं वाटण्यासाठीच पक्षी बघावेत आणि बाकी काही करू नये' हा निष्कर्ष काढणं म्हणजे, पोळी खाल्ल्यावर झोप छान लागते म्हणून गव्हाला झोपेचं औषध म्हणण्यासारखं आहे.

आणि मन अशांत झालं कशाने? बारा-बारा तासांची ड्यूटी, दोन तासांची लोकल, रात्री अकराला येणारा साहेबाचा मेसेज. ते सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि त्याचा शीण पाखरांनी काढायचा. एचआरला हा सौदा स्वस्त पडतो. दयाळ बिल लावत नाही.

बरं, शांतता शोधायला आलेला माणूस निदान गुमान बसतो का? भिगवणला जाऊन बघा. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित असतात, चक्रवाक असतात, लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवरून आलेले कुरव पक्षी असतात. होडी मध्यावर गेली की पिशव्या फुटतात आणि निसर्गाशी नातं जोडायला आलेली मंडळी कुरवांच्या अंगावर शेव-गाठी उधळायला लागतात. हिमालय ओलांडून आलेला पक्षी खारट-तेलकट फरसाण झेलतो, डोक्याभोवती पांढऱ्या पंखांचं वादळ उठतं, व्हिडिओ निघतो, खाली 'ब्लिस' असं लिहिलं जातं. कुरव म्हणजे काय, तो खातो काय, हे 'लेबल' ठाऊक असतं तर हात आखडला असता.

जूनमध्ये कर्नाळ्याच्या आसपासच्या ओढ्यांवर याहून वाईट प्रकार चालतो. तिबोटी खंड्या हा मुठीत मावेल एवढा, जांभळा-नारिंगी, बघताक्षणी वेड लावणारा पक्षी. पहिल्या पावसात तो ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ करून अंडी घालतो. बिळासमोर कॅमेऱ्यांच्या तिवयांची रांग लागते. नर चोचीत सरड्याचं पिल्लू धरून फांदीवर येतो आणि तिथेच बसून राहतो. मान खालीवर करतो. बिळाकडे बघतो, माणसांकडे बघतो. चोचीतलं खाणं तसंच. आत पिल्लं भुकेली आहेत आणि बाप वीस फुटांवर अडकलाय. समोरच्यांना वाटतं, वा, पक्षी कसा स्थिर बसलाय, आपल्याला चांगली पोज देतोय! 'पक्षी नुसता असतो' या सिद्धान्ताचा हा प्रत्यक्ष प्रयोग. पक्ष्याची भाषा वाचता येणारा माणूस हे दृश्य बघून दोन मिनिटांत तिथून उठेल. अनुभवाची चव घेणारा उठणार नाही, कारण त्याला ते दृश्य सुंदरच दिसतं.

'ते फोटोग्राफर, आमचे साधक तसं करत नाहीत,' असं उत्तर येतं. तुमचे साधक कवडीपाटला का येत नाहीत मग? पुण्याजवळ, सोलापूर रस्त्याने गेलं की मुळा-मुठेवरचं हे ठिकाण लागतं. शहराचं सांडपाणी, पाण्यावर फेस, काठच्या झुडपांवर पुराने अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या, आणि नाकाला रुमाल लावावा असा वास. हिवाळ्यात याच पाण्यात बदकं उतरतात, धोबी शेपूट हलवत पिशव्यांवरून चालतो, शेकाट्या पाय उचलून उचलून त्या काळ्या गाळात चोच घालतात. तिथे चटई अंथरून दीर्घ श्वास घ्या म्हणावं. पक्ष्यांना हे ठिकाण सोडून द्यायची चैन नाही. त्यांना 'एनर्जी' बघून जागा निवडता येत नाही; अन्न जिथे आहे तिथे यावं लागतं. ज्याला पक्ष्याशी कर्तव्य आहे तो नाक दाबून तिथे उभा राहतो आणि गेल्या हिवाळ्यात किती होते, या हिवाळ्यात किती, ते लिहितो. मनःशांतीवाल्याला रिसॉर्टची हिरवळ लागते.

त्यांचा आणखी एक बाण आहे, आणि तो सोडताना ते गरिबांचा कैवार घेतात: नावं, याद्या, दुर्बिणी हे उच्चवर्गीय पुस्तकी खूळ, सामान्य माणसाला निसर्ग नुसता अनुभवू द्या. सामान्य माणूस म्हणजे कोण? भिगवणच्या ज्या मच्छीमाराच्या होडीत तुम्ही बसता, तो तीनशे फुटांवरच्या ठिपक्याकडे बोट दाखवून कोण आहे ते सांगतो, आणि तुमच्या महागड्या दुर्बिणीतून ते नंतर खरं ठरतं. माळावरचा धनगर, गडचिरोलीचा माडिया, फासेपारधी, यांना पक्ष्यांची नावं, अंड्यांचे रंग, येण्या-जाण्याचे महिने तोंडपाठ असतात. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातली उभी हयात अशा माणसांकडून शिकण्यात घालवली आणि त्यातून 'पक्षीकोश' उभा केला. पावशा ओरडायला लागला की शेतकऱ्याच्या कानाला 'पेर्ते व्हा' ऐकू येतं आणि तो पाभरीकडे वळतो. या सगळ्यांचं लक्ष बाहेर असतं, कारण पोट बाहेरच्या जगावर चालतं. 'नावं कशाला हवीत' ही ऐट ज्याचं पोट निसर्गावर अवलंबून नाही त्यालाच परवडते. उच्चवर्गीय खूळ कुठलं, ते वाचकांनीच ठरवावं.

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद, आणि तोच जरा दमदार आहे: आधी प्रेम, मग ज्ञान. ज्याला पाखरांमुळे शांत वाटेल तो उद्या पाखरांसाठी उभा राहील. ऐकायला पटतं. नवी मुंबईकडे बघा. तिथे रोहित पक्ष्यांवर प्रेम कमी आहे का? भिंतींवर रोहित, चौकात रोहित, शहराची ओळखच 'फ्लेमिंगो सिटी', आणि खाडीचा देखावा दाखवून विकलेले फ्लॅट. गॅलरीत चहाचा कप घेऊन गुलाबी थवा बघणाऱ्यांना शांत वाटतच असणार. तरी नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट बुजली, आणि २०२४च्या एप्रिलात तिथे रोहित मेलेले सापडले. मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित एका रात्रीत पडले. तळ्यासाठी भांडले कोण? पाण्याचा मार्ग कुठे अडलाय ते जाऊन बघणारे, मेलेले पक्षी मोजणारे, फोटो आणि तारखा जोडून तक्रारी करणारे रहिवासी आणि कार्यकर्ते. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली, ती या कागदपत्रांच्या भेंडोळ्यांमुळे. गॅलरीतल्या शांततेने एक दगडही हलवला नव्हता. समाधान पावलेला माणूस तक्रार कशाला करील? त्याचं काम तर झालेलं असतं.

म्हणून मी म्हणतो, नीट पक्षी बघणाऱ्याचं मन शांत होतच नाही, व्हायला नको. तो माळावर जातो तेव्हा नान्नजला माळढोक किती उरले ते त्याला माहीत असतं आणि आडव्या गेलेल्या विजेच्या तारांकडे त्याची नजर आधी जाते. तो खाडीवर जातो तेव्हा भराव कुठपर्यंत आला ते बघतो. आभाळात घार दिसली की गिधाड नाही हे त्याला खुपतं. आनंद होतो, अंगावर काटा येईल असा होतो. तिबोटी खंड्या दिसल्यावर ज्याला होत नाही त्याने दुसरं काही करावं. पण तो आनंद त्या खंड्याबद्दलचा असतो. 'माझ्या आतल्या प्रवासा'बद्दलचा नसतो. पाखरांना तुमच्या आतल्या प्रवासाशी काही देणंघेणं नाही. त्यांना झाड हवं, चिखल हवा, भरतीचं पाणी हवं, विष नसलेलं मढं हवं. हे त्यांना मिळतंय की नाही एवढं बघायला कोणीतरी हवं, आणि त्या कामाला डोळे उघडे, पेन्सिल टोकदार आणि डोकं जागं लागतं.

५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने पक्षी सप्ताह ठरवला आहे. या वर्षी त्या आठवड्यात घराजवळचं एक तळं, एक नाला, नाही तर एक वडाचं झाड धरा. तारीख, वेळ, ठिकाण, कोण, किती, काय करत होता, एवढं लिहा. ओळख पटली नाही तर वर्णन लिहा आणि जाणत्याला विचारा. फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, त्यात किमान पंधरा मिनिटं मोजलं तरी नोंद धरतात. तेव्हा त्याच जागी पुन्हा जा, आणि आकडा बदलला असेल तर का बदलला ते महापालिकेला विचारा.